ग्रामसभेत आपला विषय तडीस कसा न्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही आणि तुमचे चार मित्र पुण्यात नोकरी करता, महिन्या-दोन महिन्यांनी गावी जाता. वरच्या वस्तीला पाणी पुरत नाही, शाळेच्या दोन खोल्या गळतात, गावातला रस्ता दर पावसाळ्यात उखडतो. ग्रामसभा होते, पण कागदोपत्री. काही करू म्हटलं की घरचे म्हणतात, ‘त्या राजकारणात पडू नका.’ तेव्हा निवडणूक न लढवता, कोणाशी वैर न घेता गावासाठी काही करता येईल का, आणि सुरुवात कुठून करायची?

नक्की करता येईल. मी वीसेक वर्षं ग्रामपंचायतींचे सदस्य, महिला बचतगट आणि गावातली तरुण मंडळं यांच्याबरोबर काम करते आहे. जिथे काही घडलं, तिथे पाच-सात माणसांनी एकच विषय धरला आणि तो अर्जापासून बिलापर्यंत सोडला नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. ग्रामसभेच्या दिवशी बोलणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग असतो. खरं काम सभेच्या आधी पंधरा दिवस आणि नंतर काही महिने चालतं. म्हणून या उत्तरात त्या आधीच्या आणि नंतरच्या कामाबद्दलच जास्त सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा. तुमचं नाव गावच्या मतदार यादीत आहे की पुण्याच्या? ग्रामसभेचा सभासद म्हणजे त्या गावच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती. नाव पुण्याला हलवलं असेल, तर गावच्या सभेत तुम्हाला ठराव मांडता येत नाही, मतही देता येत नाही. अशा वेळी विषय तुमच्या आईने, चुलत्याने, शेजारणीने मांडायचा आणि कागद तयार करण्याची, पाठपुरावा करण्याची मदत तुम्ही करायची. मला विचाराल तर हीच व्यवस्था जास्त टिकते. रोज त्या नळावर उभ्या राहणाऱ्या बाईने विषय मांडला की सभा ऐकते. शनिवारी-रविवारी येणाऱ्याने मांडला, तर ‘याला काय कळतंय गावातलं’ ही कुजबुज पहिल्या वाक्यालाच सुरू होते.

आता ग्रामसभेचं बळ किती, ते पाहू. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. आपल्याकडे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे आर्थिक वर्षात किमान ४ ग्रामसभा घ्याव्याच लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे रूढ दिवस. वर्षातली पहिली सभा आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून २ महिन्यांच्या आत व्हावी लागते. तिच्यापुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम आणि लेखापरीक्षणाची टिपणी हे सगळं ठेवणं बंधनकारक आहे. सबळ कारणाशिवाय सभा न घेणाऱ्या सरपंचाचं पद जाऊ शकतं आणि सचिवावर, म्हणजे ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणत आलो आणि आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांच्यावर, कारवाई होऊ शकते. वैयक्तिक लाभाच्या योजनांचे लाभार्थी निवडण्याचा अधिकारही ग्रामसभेचाच.

गणपूर्तीचा नियम मात्र नीट लक्षात ठेवा. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. ती भरली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे पहिल्या सभेला लोक आले नाहीत, तर आठवड्याने दहा-पंधरा माणसांत तेच सगळे विषय कायदेशीररीत्या मंजूर होतात. पुष्कळ गावांत ‘आम्हाला न विचारता ठराव झाला’ ही तक्रार ऐकू येते. त्यातली निम्मी तरी अशा तहकूब सभेतून आलेली असते. ‘तहकूब झाली’ हे ऐकून लोक घरी जातात आणि पुढची तारीख विचारतच नाहीत. तुमच्या गटाने दुसरं काही नाही तरी एवढं करावं : पहिल्या सभेला १०० माणसं जमवावीत, आणि नाहीच जमली तर तहकूब सभेला तुमच्यापैकी सगळ्यांनी हजर राहावं.

विषयपत्रिका हा खरा कळीचा कागद आहे. सर्वसाधारण ग्रामसभेची नोटीस ७ दिवस आधी निघते. तिच्यात पहिला विषय असतो ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ आणि शेवटचा ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. गावातली साधी माणसं आपलं म्हणणं या शेवटच्या विषयात मांडतात. तोवर दोन तास गेलेले असतात, बायका स्वयंपाकाला उठून गेलेल्या असतात, सचिवांनी वही मिटायला घेतलेली असते. चर्चा होते, आवाज चढतात, सरपंच ‘बघू’ म्हणतात आणि इतिवृत्तात एक ओळ येते : ‘ग्रामस्थांनी विविध समस्या मांडल्या, त्यावर चर्चा झाली.’ त्या ओळीवर कोणताही अधिकारी काहीही करू शकत नाही.

म्हणून नोटीस निघण्याच्या आधीच सरपंच आणि सचिव यांच्या नावाने लेखी अर्ज द्या, की अमुक विषय येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. अर्ज आवक नोंदवहीत चढवून घ्या आणि तुमच्याकडच्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. वीस-पंचवीस जणांच्या सह्या असल्या तर उत्तम; त्यात दोन्ही आळ्यांची, दोन्ही पॅनेलची माणसं असली तर त्याहून उत्तम. विषयाला नंबर मिळाला की त्यावर ठराव घेणं किंवा न घेणं, काहीतरी लिहावंच लागतं.

ठराव कसा लिहितात, याचा नमुनाच देते. बहुतेक ठराव असे असतात : ‘वरच्या वस्तीतील पाण्याची समस्या सोडविण्यात यावी, असे सर्वानुमते ठरले.’ आता हा वाचा : ‘वरच्या वस्तीतील ४२ घरांसाठी मुख्य टाकीपासून मराठी शाळेपर्यंत स्वतंत्र जलवाहिनी टाकण्याचे काम पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात, वित्त आयोगाच्या बंधित निधीतून, प्राधान्यक्रम १ वर घ्यावे. शाखा अभियंत्यांकडून ३० दिवसांत अंदाजपत्रक मागवावे. पाठपुराव्याची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकारी व पाणीपुरवठा समिती यांची राहील. पुढील ग्रामसभेत प्रगतीचा अहवाल ठेवावा.’ खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं. दुसऱ्या ठरावात काम कोणतं, कुठे, किती घरांसाठी, पैसा कुठून, कोणी करायचं आणि कधीपर्यंत हे सगळं आहे. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचताना याचा जाब आपोआप विचारला जातो. असा मसुदा आधीच हाताने लिहून किंवा टाइप करून घेऊन जा आणि सभेत सचिवांकडे द्या. चांगला सचिव याने सुखावतो, त्याचं लिहिण्याचं काम वाचतं. सूचक तुमच्या बाजूचा असेल, तर अनुमोदक मुद्दाम दुसऱ्या पॅनेलचा धरा. एवढ्या एका गोष्टीने पुढचे कितीतरी अडथळे टळतात. सभा संपण्यापूर्वी ‘ठराव वाचून दाखवा’ असं सगळ्यांसमोर नम्रपणे सांगा आणि कोऱ्या पानावर सही करू नका. घरोघरी वही फिरवून नंतर घेतलेल्या सह्या हा कागदोपत्री सभेचा पायाच असतो. आपल्या घरातल्या माणसांना एवढं सांगून ठेवलं तरी पुष्कळ झालं.

महिला ग्रामसभेबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणं आपल्या कायद्यात आहे. बहुतेक गावांत ती दहा मिनिटांत उरकतात किंवा अंगणवाडीत सह्या घेऊन मोकळे होतात. आणि गावाच्या अडचणीचं खरं निदान तर तिथेच होतं.

एका गावात, तुमच्यासारखाच वस्तीच्या पाण्याचा विषय होता. नवी जलवाहिनी हवी म्हणून काही लाखांचा प्रस्ताव तयार होत होता. आम्ही महिला सभा दुपारऐवजी रात्री साडेआठला, मारुतीच्या देवळात ठेवली, म्हणजे शेतावरून आलेल्या, भाकऱ्या उरकलेल्या बायकांना येता यावं. पहिला अर्धा तास कोणी बोललं नाही. मग एका आजींनी विचारलं, ‘पाणी अकराला सोडता, तवा आम्ही खुरपायला जातो. घरी हाय कोण भरायला?’ मग एकेक उलगडत गेलं. शिपाई सकाळी सातला गावठाणाचा वॉल्व्ह उघडायचा, साडेदहाला तो बंद करून वस्तीचा उघडायचा. तोवर टाकी अर्ध्यावर आलेली. वस्तीवर घरी म्हातारी माणसं आणि लहान पोरं. ज्यांच्या घरी नळाला थेट मोटार लावलेली, ते पाणी ओढून घेत आणि शेवटच्या आठ-दहा घरांना नुसता सुस्कारा मिळे. बायकांनी दोनच मागण्या केल्या : एक दिवसाआड वस्तीचा वॉल्व्ह सकाळी सहाला आधी उघडायचा, आणि नळाला थेट मोटार लावणाऱ्याचं कनेक्शन तोडायचं. महिला सभेचा ठराव म्हणून हे दुसऱ्या दिवशी मुख्य सभेत आलं. मोटारवाल्यांत एक सदस्यही होते, त्यामुळे वादावादी झाली, पण साठ-सत्तर बायका समोर बसलेल्या होत्या. ठराव झाला. शिपायाला वेळापत्रक लिहून दिलं, ते पाण्याच्या टाकीवर रंगवलं. नवी जलवाहिनी शेवटी लागलीच नाही. तो पैसा दुसऱ्या पाड्याच्या विहिरीच्या दुरुस्तीला गेला.

म्हणून तुमच्या वस्तीचं पाणी का पुरत नाही, हे अर्ज लिहिण्याआधी शोधा. एक आठवडा वहीत नोंद ठेवा : वॉल्व्ह किती वाजता उघडला, किती वाजता बंद झाला, शेवटच्या घरात किती हंडे भरले. हे काम शाळेतली मुलंही करतात आणि आवडीने करतात.

आता पैसा. गावातले लोक ‘निधी आला’, ‘निधी गेला’ असं बोलतात, पण कोणता, ते क्वचितच ठाऊक असतं. ग्रामपंचायतीकडे मुख्यतः दोन पिशव्या असतात. एक वित्त आयोगाची, म्हणजे केंद्र सरकारकडून येणाऱ्या पैशाची. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात या निधीचे ६० टक्के बंधित ठरवले गेले, त्यातले निम्मे पाण्यावर आणि निम्मे स्वच्छतेवर खर्च करायचे. उरलेले ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगार-आस्थापनेवर नाही. दुसरी पिशवी स्वतःच्या उत्पन्नाची : घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार, गाळ्यांचं भाडं. या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. हे राखीव टक्के बऱ्याच ठिकाणी वर्षअखेरीस घाईघाईने काहीतरी वस्तू वाटून संपवतात. दिव्यांगांच्या पाच टक्क्यांतून काय घ्यायचं, हे गावातल्या दिव्यांगांनाच सभेत विचारा, असा आग्रह धरणं हे अगदी बिनवैराचं आणि फार मोलाचं काम आहे.

वित्त आयोगाच्या निधीचा हिशेब बघायला कोणाकडे जावं लागत नाही. ई-ग्रामस्वराज या केंद्र सरकारच्या पोर्टलवर राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की आराखड्यातली कामं आणि झालेला खर्च दिसतो. तुमच्या पाच जणांपैकी एकाने संध्याकाळी पारावर बसून मोबाइलवर ही यादी मोठ्याने वाचून दाखवावी. कोणावर आरोप करायचा नाही, नुसती वाचायची. ‘ही गटार कुठली?’ ‘ती शाळेमागची.’ ‘ती तर झाली की.’ ‘आणि ही दुसरी?’ एवढ्या बोलण्यातूनच पुढच्या सभेला दहा माणसं जास्त येतात. सरपंच त्या वेळी पारावर असले तर फारच छान. पुष्कळ सरपंच प्रामाणिकपणे काम करत असतात आणि कोणी विचारत नाही म्हणून सांगत नाहीत.

करवसुलीचा मुद्दा लोकांना आवडत नाही, पण टाळून चालणार नाही. स्वतःचं उत्पन्न नसलेल्या ग्रामपंचायतीला वॉल्व्हचा वॉशर बदलायलाही पैसे नसतात, मग गाव वरच्या निधीकडे डोळे लावून बसतं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावाने, भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना, वेळेवर कर भरणाऱ्या कुटुंबांना मोफत दळणासारख्या सोयी दिल्या आणि वसुली सुधारली. कर भरण्यात माणसाला स्वतःचा थेट फायदा दिसला पाहिजे, हे त्यांनी ओळखलं. तुमच्या गटाने अर्ज देण्याआधी आपापल्या घरांची थकबाकी भरून पावत्या खिशात ठेवाव्यात. सभेत तोंड उघडलं की पहिला प्रश्न ‘तुझ्या घराची पट्टी भरलीय का’ हाच येतो, आणि तो योग्यच आहे.

तुमच्या तीन विषयांपैकी प्रत्येक कोणाच्या अखत्यारीतला, हेही पाहा. वस्तीचं पाणी ग्रामपंचायतीचं. गावठाणातला रस्ता ग्रामपंचायतीचा, पण गावाला जोडणारा रस्ता ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर जिल्हा परिषदेचा, आणि राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचा. शाळेच्या खोल्यांसाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, त्याला ग्रामसभेची जोड, मग पंचायत समितीच्या शिक्षण विभागामार्फत जिल्हा परिषदेकडे प्रस्ताव, असा मार्ग आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. गळक्या खोलीत ज्यांची मुलं बसतात, ते पालक समितीत आहेत का, हे पाहा. नसतील तर पुढच्या निवडीच्या पालकसभेला त्यांना घेऊन जा. चुकीच्या दारात दोन वर्षं घालवलेली गावं मी पाहिली आहेत. माणसं थकली ती कामामुळे थकली नाहीत, अर्ज भलत्याच टेबलावर पडून राहिल्यामुळे थकली.

रस्त्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे गावकऱ्यांचा डोळा फार उपयोगी पडतो. काम मंजूर झालं की अंदाजपत्रकाची प्रत मागा. त्यात काँक्रीटची जाडी, रुंदी, लांबी आणि दर्जा (ग्रेड) लिहिलेला असतो. कामाच्या जागी माहितीफलक लावायला सांगा. काँक्रीट पडताना फळीच्या बाजूने टेप लावून जाडी मोजता येते, त्याला इंजिनिअर असावं लागत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी मारणं. काँक्रीटचा रस्ता साधारण १४ दिवस ओला ठेवावा लागतो. ठेकेदाराचा माणूस दोन दिवस पाणी मारतो आणि पुढच्या कामावर जातो, मग पहिल्या पावसात वरचा थर सुटतो. रस्त्याकडेच्या घरांनी दिवस वाटून घेतले, गोणपाट अंथरून पाणी मारलं, तर तोच सिमेंट-वाळूचा रस्ता कितीतरी वर्षं जास्त टिकतो. मोजमाप पुस्तिकेत नोंद होण्याआधी, बिल निघण्याआधी उणीव दाखवा. बिल निघाल्यावर तक्रार केली तर चौकशी लागते, चौकशीत वर्षं जातात आणि रस्ता तसाच राहतो.

काही कामांना निधी लागतच नाही, गावाचा निर्धार लागतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडने मे २०२२ मध्ये ठराव केला की पती गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात पाळायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही त्या वाटेने जाण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचा आणि मुलांनी अभ्यासाला बसायचं, असं ठरवलं. हिवरे बाजारमध्ये १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पाणलोटाची कामं झाली, पण त्या गावाला उभं ठेवलं ते नंतरच्या शिस्तीने : शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस-केळीसारखी पिकं घ्यायची नाहीत, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून त्या पाण्यात कोणती पिकं बसतात ते ठरवायचं.

ही शिस्तच अनेक ठिकाणी मागे राहते. २०१६ ते २०१९ या काळात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेच्या निमित्ताने हजारो गावांनी उन्हाळ्यात श्रमदान केलं. पहाटे टोपल्या-कुदळी घेऊन डोंगरावर निघालेली ती माणसं मी पाहिली आहेत; त्या दिवसांत एकमेकांशी न बोलणाऱ्या भावक्या एका चरीत उतरल्या. त्यातल्या ज्या गावांनी पुढे दरवर्षी गाळ काढण्याची आणि पिकांची बैठक चालू ठेवली, तिथे पाणी राहिलं. इतरत्र चर बुजले आणि वर आलेलं पाणी नव्या बोअरनी ओढून घेतलं. श्रमदान करायचं तर अवश्य करा, गाव जोडायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण त्याच दिवशी देखभाल कोण करणार आणि त्याचा पैसा कोणत्या हेडमधून, याचाही ठराव करून घ्या.

वैराच्या भीतीबद्दल. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय घ्यायचे, हे फार पूर्वी ठरवलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर गेली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने तिथे अभ्यासगट चालले. विषय आधी बसून समजून घ्यायचा, मग सभेत आणायचा. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, तो या तयारीच्या जोरावर. आपल्या दोन पॅनेलच्या गावांत सगळ्याच विषयांवर सहमती व्हायची नाही, हे मला मान्य आहे. पण एका विषयावर होऊ शकते. सभेच्या आधी दोन्ही बाजूंच्या कर्त्या माणसांच्या घरी जाऊन चहा घ्या, मसुदा दाखवा, ‘यात काय बदलू?’ विचारा. त्यांनी सुचवलेला एखादा शब्द खरोखर बदला. आणि काम झालं की फलकावर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर श्रेय सरपंचांना आणि सदस्यांना द्या.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकू नका. १० रुपयांच्या फीमध्ये ३० दिवसांत माहिती मिळण्याचा हा हक्क मोठाच आहे, आणि तोंडी, मग लेखी विचारूनही कागद मिळत नसेल तेव्हा तो जरूर वापरा. पण गावात तो अर्ज पडला की लोक ‘हा कोणाच्या मागे लागलाय’ एवढंच विचारतात, आणि पाण्याचा विषय बाजूला पडतो. ठरावाची अंमलबजावणी होत नसेल, तर आधी गटविकास अधिकाऱ्यांना ठरावाच्या प्रतीसह पत्र द्या, तेही सूचक आणि अनुमोदक दोघांच्या सहीने.

तुम्ही पुण्यात राहता, तर तिथेही असंच एक दार आहे. पुणे महापालिकेने २००६ च्या सुमारास नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन आपल्या भागातलं पदपथ, बाकडी, दिवे असं छोटं काम सुचवता येतं. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी मुदत पावसाळ्याच्या आसपासच येते, म्हणून लक्ष ठेवावं लागतं.

गावच्या आराखड्याचंही तसंच आहे. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून हिवाळ्यात आकार घेतो. एप्रिलमध्ये काम मागायला गेलं तर ‘आराखड्यात नाही’ हे उत्तर मिळतं आणि एक वर्ष जातं. तेव्हा पाण्याची आठवडाभराची नोंद श्रावणात करा, गणपतीत सगळे गावी असताना दोन्ही आळ्यांत बसून मसुदा पक्का करा, आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत अर्जाची पोच हातात असू द्या. महिला सभा रात्री घ्यावी, अशी विनंती त्याच अर्जात घाला. शाळा आणि रस्ता या वर्षी बाजूला ठेवा. पाण्याचं काम झालं की त्याच माणसांना घेऊन शाळेच्या खोल्यांचा प्रस्ताव करा. निवडणूक लढवावी की नाही, हा प्रश्न मग तुमच्याऐवजी कदाचित ती रात्रीच्या सभेत पहिल्यांदा बोललेली बाई विचारेल. आपल्याकडे २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. तिला उभं राहायचं असेल, तर तिचा अर्ज भरायला, जातपडताळणीचे कागद जमवायला तुम्ही पुण्याहून एक दिवस रजा काढून या.